कानेलाच्या गळ्यातली घंटी

पोलीस ठाणे, पेत्रोनिसी बंदर. रविवार, पितरांच्या शनिवारनंतरचा दिवस.

नाव: कालिरोई, झाखारियास कुंदूरिस यांची बायको. वय: एकसष्ट. धंदा: खेचरावरून मालाची ने-आण. राहणार: सध्या वरची आळी, गोड्या विहिरीजवळ, पेत्रोनिसी बेट.

वर नाव लिहिलेली मी, आपल्या पायांनी ठाण्यात येऊन, कुणाची दमदाटी नसताना, हवालदार अनार्गिरोस यांच्यासमोर बसून सांगते ती हकिगत अशी. हवालदारांनी सुरुवातीलाच बजावलं, "मावशी, थोडक्यात आणि मुद्द्याचं सांगा." मी म्हटलं, "जावईबापू, मी बोलते तसंच उतरवा. काटछाट केलीत तर सही करायची नाही." त्यांची बायको आमच्या खालच्या आळीतली, म्हणून ते सगळ्या बेटाचे जावई. मी त्यांना जावईबापू म्हणते त्यात ठाण्याचा अपमान करायचा हेतू नाही. नावापुढे विधवा लिहू का, असंही त्यांनी हळूच विचारलं. बायको लिहा म्हटलं. ठाण्याला काय फरक पडतो?

काल मी याच खुर्चीवर बसून तक्रार दिली होती की कानेला नावाचं माझं खेचर, मादी, रंग दालचिनीचा, डाव्या कानाला चीर, हे हेंड्रिका नावाच्या हॉलंडच्या बाईने चोरून नेलं. ती तक्रार मला मागे घ्यायची आहे. का, ते क्रमाने सांगते.

कानेला शिंगरू असल्यापासून आमच्याकडे आहे. बेटावर सगळ्या पायऱ्याच, चाकाचं काही चालत नाही. सिमेंट असो, पाण्याच्या बाटल्या असोत, नवरीचं सामान असो, सगळं खेचराच्या पाठीवरून चढतं आणि उतरतं. आमच्या झाखारियासने तिला कधी बांधलं नाही. दावं लावलं की जनावर रुसतं, असं त्याचं म्हणणं. गळ्यात पितळी घंटी होती, तीच तिचं दावं. आम्ही दोघं झोपेतसुद्धा ती घंटी ऐकायचो. वाजायची थांबली की दोघंही उठून बसायचो, आणि तो म्हणायचा, "झोप गं, ती नुसती विचार करतेय."

मे महिन्यात आमच्या घरी जे झालं ते ठाण्याला माहीत आहे. हवालदारांनी स्वतः खांदा दिला होता. ते पुन्हा लिहायची गरज नाही.

त्या दिवशी मी माझ्या हाताने कानेलाची घंटी सोडली आणि तिच्या कपाळावरचा दृष्टीचा निळा मणीही काढला. आमच्याकडे तशा घरात चाळीस दिवस जनावराच्या गळ्यात घंटी वाजत नाही. चाळिसाव्याला पाद्रीबाबा येऊन प्रार्थना म्हणतात, मग परत बांधायची. ते दिवस अजून चालू आहेत. घंटी घरी देवाच्या दिव्याखाली ठेवलेली आहे.

माझी मुलगी इस्मिनी मोठ्या शहरात, पिरियसला असते. मे महिन्यापासून तिचा रोज संध्याकाळी फोन येतो. "आई, आता तिथे काय आहे तुझं?" मी म्हणते, "कानेला आहे." ती म्हणते, "खेचर म्हणजे काय माणूस आहे?" मी म्हणते, "तुझ्या नवऱ्यापेक्षा कमी बोलते आणि जास्त काम करते." मग ती फोन आपटते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करते. तिने माझ्यासाठी एक खोली रिकामी ठेवली आहे. इमारतीला लिफ्ट आहे म्हणे. हवालदार म्हणतात याचा गुन्ह्याशी काय संबंध? संबंध आहे, पुढे येईल.

आता हेंड्रिकाबाई. ती दरवर्षी जूनमध्ये येते. डोक्यावर पाटीएवढी गवती टोपी. आमची भाषा पुस्तकातून शिकली, त्यामुळे दोन पाव मागितले तरी प्रवचन चालल्यासारखं वाटतं. तिला जनावरांचा भारी कळवळा. आम्हा माणसांशी बोलताना कपाळावर आठ्या आणि खेचराशी बोलताना आवाजात मध. तिचं बेटावर एकाच माणसाशी जमायचं, आमच्या झाखारियासशी. दोघं बंदराच्या कठड्यावर बसून तासन् तास खेचरांबद्दल बोलायची. मागच्या वर्षी तिने एक म्हातारं गाढव मोकळं हिंडताना पाहिलं आणि याला विचारलं, हे कुणाचं? तो म्हणाला, "आता कुणाचंच नाही. जनावराला टाकून देताना धनी घंटी काढून घेतो. घंटी घराची असते." हे तो खरंच म्हणाला. मी तिथेच होते, शेंगा सोलत होते. पण त्याने अर्धंच सांगितलं. सुतकाचं सांगायचं राहिलं. हसत्याखेळत्या माणसाला ते कशाला आठवेल?

शुक्रवारी दुपारच्या बोटीला मी कानेलाला घेऊन बंदरावर गेले. वरच्या नव्या खोल्यांसाठी एक फ्रीज आला होता. तो मी कानेलाच्या पाठीवर चढवून बांधत होते. हेंड्रिकाबाई त्याच बोटीने उतरली. टोपी सावरत सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"कालिरोईबाई, हे शीतकपाट अत्यंत जड आहे. या प्राण्याला यातना होत आहेत."

मी म्हटलं, "मग तू घे पाठीवर. तुला दोनच पाय आहेत, यातनाही निम्म्याच होतील."

धक्क्यावरची माणसं हसली. बाई लालबुंद झाली. तिने कानेलाच्या गळ्यावरून हात फिरवला. मानेवर घंटीच्या पट्ट्याची केस घासलेली जागा आहे, तिथे तिची बोटं थांबली.

"हिची घंटी कोठे आहे?"

"काढली."

"कशासाठी?"

"काढावीशी वाटली म्हणून."

"झाखारियास महाशय कोठे आहेत?"

"घरी नाही."

"परत केव्हा येणार?"

मी दोरीला गाठ मारली आणि कानेलाला घेऊन चालू लागले. आई गेली तेव्हापासून मी काळेच कपडे घालते. त्यामुळे माझ्याकडे बघून कुणा परक्याला काही कळायचं नाही.

हवालदारांनी इथे विचारलं, "मावशी, तेव्हाच एका वाक्यात का सांगून टाकलं नाहीत?" त्यावर मला काही सांगायचं नाही.

शनिवारी पितरांचा दिवस. मी पहाटेच उठून कोलिवा केला. शिजवलेले गहू, मनुका, बदाम, डाळिंबाचे दाणे, वर साखर. बाकीच्या बायकांबरोबर चर्चमध्ये नेला, पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला, मग सगळ्याजणी दफनभूमीत वर चढलो. जिने तिने आपापल्या माणसाजवळ एकेक ताटली ठेवली. मीही ठेवली. तिथे फार वेळ थांबले नाही. लाकडी क्रूस अजून नवाच आहे, त्यावरचा रंग हाताला लागतो.

इथे एक गोष्ट नोंदवावी लागेल. मे महिन्यात त्या दिवशी कानेला पूर्ण वाट सगळ्यांच्या मागून चालत आली होती आणि दफनभूमीच्या फाटकाशी उभी राहिली होती. सगळ्यांना गहू वाटून झाल्यावर मूठभर उरले, ते मी तिला हातावर चारले. दुसरं काही कारण नाही, ती तिथे उभी होती.

घरी येऊन मी कॉफी केली. ती पिता पिता खुर्चीतच डोळा लागला. अलीकडे रात्री झोप येत नाही, दिवसा अशी कुठेही येते. जागी झाले तर तबेला रिकामा. म्होरकी खुंटीवर, खोगीर कोपऱ्यात, फळीचं दार सताड उघडं. एरवी ती उंबरा ओलांडायच्या आत मला कळलं असतं. घंटीच नाही तर कळणार कसं?

विहिरीपाशी बघितलं, पडक्या पवनचक्कीत बघितलं, शेजाऱ्यांच्या गोठ्यांतून बघितलं. कुठेच नाही. मग मी काव्होसच्या कड्यावर गेले. तिथून दोन वर्षांपूर्वी एक गाढव खाली गेलं होतं. कड्याच्या टोकाशी पोटावर पडून मी खाली वाकून पाहिलं. खाली नुसता समुद्र होता. तिला हाक मारली, पण तोंडाने ओ देणारी ती नव्हतीच कधी. ती घंटी हलवून ओ द्यायची. मग मी हाका मारणं थांबवलं आणि तिथेच बसले.

तेवढ्यात इस्मिनीचा फोन आला. "आई, कुठे आहेस? केवढा वारा ऐकू येतोय!" मी म्हटलं, "इस्मिनी, ती खोली झाडून ठेव." ती एकदम रडायलाच लागली. "खरंच येतेस? आई, खरंच?" मी फोन ठेवून दिला. खरं सांगते, जावईबापू, त्या घटकेला मी बोचकं बांधूनच बसल्यासारखी होते. माणूस गेल्यावर घर राहतं, पण घरात कुणीतरी खात-पीत असावं लागतं, कुणाला तरी ओरडता आलं पाहिजे. भिंतींना ओरडून काय करू?

खाली उतरताना बेकरीवाला भेटला. तो म्हणाला, "तुझं खेचर? अगं, त्या टोपीवालीबरोबर पाहिलं मी. बाई पुढे गाजर धरून चाललेली आणि खेचर मागून, दफनभूमीपासून पुढे वर."

माझं डोकं भडकलं. आदल्या दिवशीची ती लालबुंद झालेली बाई, आणि आज माझं जनावर! मी तशीच ठाण्यात आले आणि टेबलावर हात आपटला. टेबलावरची कॉफी सांडली, ती मी नंतर पुसून दिली आहे. तक्रार लिहिताना हवालदारांनी पत्ता विचारला. मी म्हटलं, "सध्या वरची आळी, असं लिहा. खेचर गेलं तर मी इथे कशाला राहते?" त्यांनी तसं लिहिलं.

हवालदार स्वतः जाऊन हेंड्रिकाबाईला घेऊन आले. माझी अपेक्षा होती ती कानांवर हात ठेवेल. पण ती खुर्चीत ताठ बसली, टोपी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "होय. मी नेले. पुन्हा नेईन."

हवालदार म्हणाले, "बाई, हा चोरीचा गुन्हा होतो. तुम्हाला मुख्य ठाण्याला पाठवावं लागेल. खेचर कुठे आहे ते सांगा आणि मोकळ्या व्हा."

"मी चोर नाही. तो प्राणी टाकून दिलेला होता. दफनभूमीबाहेर एकटा उभा होता. खोगीर नाही, म्होरकी नाही, घंटी नाही. या बाईंनी काल त्याच्यावर शीतकपाट लादले आणि आज त्याला हाकलले. नवरा घरी नाही, ही संधी साधली."

मी उठलेच. "मी हाकललं? मी? तिच्या शिंगरपणी तिला बाटलीने दूध पाजलंय मी, तेव्हा तू हॉलंडात सायकल शिकत होतीस!"

"मावशी, बसा," हवालदार म्हणाले. "बाई, मुद्द्यावर या. खेचर कुठे आहे?"

"सुरक्षित आहे. कोठे ते मी फक्त झाखारियास महाशयांना सांगेन. त्यांना बोलवा. ते ज्या दिवशी परत येतील त्या दिवशी सांगेन. तोवर मला तुरुंगात ठेवले तरी चालेल."

हवालदार कागदाकडे बघत बसले. मग खालच्या आवाजात मला म्हणाले, "मावशी, सांगा तिला. नाहीतर मी सांगतो."

मी म्हटलं, "तुम्ही नका सांगू."

जावईबापू, तुम्ही काल हे पाहिलं आहे, पण जबाबात यायला हवं म्हणून सांगते. मे महिन्यापासून मी ते वाक्य उच्चारलं नव्हतं. पाद्रीबाबांना शेजारणीने सांगितलं. इस्मिनीला डॉक्टरांनी फोन केला. बेटावर बाकीच्यांना चर्चच्या घंटेने कळवलं. मला सांगावंच लागलं नाही कुणाला. आणि काल माझं खेचर त्या एका वाक्याच्या पलीकडे अडकून पडलं होतं. मी बोलल्याशिवाय ते मला मिळणार नव्हतं. ही बाई असली हट्टी की खरंच तुरुंगात जाऊन बसली असती.

मी म्हटलं, "बाई, झाखारियास मेला."

तिला आधी कळलंच नाही. पुस्तकातला शब्द वेगळा असेल. मी पुन्हा म्हटलं, "मेला. मे महिन्यात. मळ्याच्या बांधावर बसला होता, तिथेच. वर दफनभूमीत आहे. म्हणून घंटी काढली. आमच्यात चाळीस दिवस वाजवत नाहीत."

दोनदा म्हटल्यावर तिसऱ्यांदा म्हणायला जड गेलं नाही. "मेला गं," मी म्हटलं, आणि मग मला रडू आलं. इथे, ठाण्यात, या टेबलावर डोकं ठेवून. इतके दिवस कुठे अडलं होतं कोण जाणे. हवालदारांनी पाणी दिलं. ते कोमट होतं.

हेंड्रिकाबाईची टोपी मांडीवरून खाली पडली, ती तिने उचललीसुद्धा नाही. ती उठून माझ्या खुर्चीशी आली आणि तिथेच फरशीवर बसली. एवढी ताठ मानेची बाई, सगळं पुस्तक विसरली. "मला माहीत नाही," एवढंच म्हणत राहिली. "मला माहीत नाही, मला माहीत नाही." मग म्हणाली, "मठात आहे. वर, बहिणींकडे. मी सांगितलं, सांभाळा. तो येईपर्यंत."

उजेड होता तोवरच आम्ही तिघं वर निघालो. हवालदारांना खरं तर यायचं कारण नव्हतं, पण ते आले. माझा जीव अजून थाऱ्यावर नव्हता. मठात ठेवलं असेल, पण मठाची भिंत बुटकी, आणि मागच्या बाजूला पुन्हा कडाच. उडी मारली असली तर? एकेक पायरी चढताना मी हेच घोकत होते.

मठाचं दार तिथल्या संन्यासिनींपैकी थिओक्तिस्ती बहिणीने उघडलं. आतून तिचा आवाज आधी आला, "आली का धनीण? ये, ये! तुझ्या लेकीने आमची सगळी जिरेनियमं फस्त केली. आता तुळशीच्या कुंड्यांकडे बघतेय. घेऊन जा बाई हिला, नाहीतर आम्हाला फुलांवाचून सण करावा लागेल."

अंगणात कानेला उभी होती. तोंडातून लाल फूल लोंबत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सवयीने मान हलवली, घंटी वाजवायला. वाजलं काहीच नाही. पण माझा जीव भांड्यात पडला. अंगणातल्या ओट्यावर मी बसूनच घेतलं. ती आली आणि माझ्या एप्रनच्या खिशात तोंड घातलं. मी तिला तोंडभरून शिव्या दिल्या. त्या इथे लिहू नयेत, मठाचं आवार होतं. थिओक्तिस्ती बहीण म्हणाली, "द्या, द्या, देव आज दुसरीकडे बघतोय." मग मी हसायला लागले, हेंड्रिकाबाई हसायला लागली, हवालदारसुद्धा टोपीआड हसले. मे महिन्यानंतर मी पहिल्यांदा हसले, आणि तेही असं की पोटात दुखायला लागलं.

उतरताना वाटेत दफनभूमी लागते. फाटक उघडंच होतं. आत गेलो तेव्हा कानेला सकाळी कुठे होती ते कळलं. फाटकाजवळच्या पहिल्या रांगेतल्या सगळ्या ताटल्या तिने उष्ट्या केल्या होत्या. कुणाच्या मनुका उचलल्या, कुणाची साखर चाटली, कुणाचे बदाम थुंकून दिले. आमच्या झाखारियासची ताटली मात्र चाटून पुसून लख्ख. एक दाणा नाही. लोक आता म्हणतील की मुकं जनावर धन्याच्या आठवणीने गेलं. तसं काही लिहू नका. ती गव्हांसाठी गेली होती. पण त्याचा वाटा तिलाच मिळाला, हे मला बरं वाटलं.

उष्ट्या झालेल्या ताटल्यांत हवालदारांच्या सासूबाईंची ताटलीही होती. हे वाक्य नको असं हवालदार म्हणत आहेत. मी म्हणते राहू द्या. त्यांच्या बायकोला मी रात्रीच जाऊन सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, आईला साखरेचा आजार होता. जन्मभर गोड खाऊ दिलं नाही डॉक्टरांनी. बरं झालं, तिच्या नावाचं कुणीतरी खाल्लं." बाकीच्या घरांसाठी मी उद्या मोठ्या पातेल्यात गहू शिजवणार आहे. पाद्रीबाबांची याबद्दल काही तक्रार असेल तर ती माझ्यावर लिहावी, कानेलावर नाही.

हेंड्रिकाबाई नव्या क्रूसापाशी बराच वेळ उभी होती. पिशवीतून तिने तंबाखूची पुडी काढली. दरवर्षी त्याच्यासाठी आणते तीच. ती तिने मातीवर ठेवली. कानेलाने लगेच मान लांब केली. मी ओरडले, "ए भवाने, ते तुझं नाही!" बाई म्हणाली, "खाऊ दे." मी म्हटलं, "खाऊ दे काय? पोट फुगेल तिचं!" मग पुडी आम्ही क्रूसाच्या मागे, उंचावर खोचली.

पायऱ्या उतरताना तिने विचारलं, "आता घंटी बांधणार?"

"चाळीस झाल्यावर."

"आणि तोवर हरवली तर?"

मी म्हटलं, "तोवर तू हिच्याबरोबर चालत जा आणि बोलत जा. तुझा आवाज अख्ख्या बेटावर ऐकू येतो." तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "ठीक आहे. किती वाजता येऊ?" आज सकाळी ती खरोखरच आली, गाजरं घेऊन.

सबब, माझी हेंड्रिकाबाईविरुद्ध कसलीही तक्रार उरलेली नाही. तिने खेचर चोरलं नाही, तिला ते टाकून दिलेलं वाटलं, आणि तिला तसं का वाटलं ते मी सांगितलं आहे. तिला कुठे पाठवू नये, तिच्या पासपोर्टावर काही लिहू नये. फ्रीजबद्दल ती जे बोलली ते बरोबर होतं. आमच्या झाखारियासने तो फ्रीज दोन गड्यांच्या खांद्यावरून वर नेला असता आणि कानेलाच्या पाठीवर पिशव्या दिल्या असत्या. हे मला शुक्रवारी गाठ मारतानाही ठाऊक होतं. यापुढे तसलं ओझं मी घेणार नाही. बंदरावर जनावरांना सावली नाही हेही ती म्हणते. हे तर झाखारियास किती वर्षं म्हणत होता. त्याने त्यासाठी एका जुन्या होडीचं शीड मागून आणून तबेल्याच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलं आहे. बाई आणि मी ते येत्या आठवड्यात धक्क्यावर ताणून बांधणार आहोत. हवालदारांनी खांब रोवायला हरकत घेऊ नये ही विनंती.

आज चर्चला जायच्या आधी इस्मिनीला मीच फोन केला. म्हटलं, "खोली झाडू नकोस." तिने विचारलं, "म्हणजे?" मी म्हटलं, "सापडली." मला वाटलं आता फोन आपटते. पण ती म्हणाली, "आई, तिला बांधत जा गं." मी म्हटलं, "तुझे बाबा मेले, पण त्यांची शिस्त मी मोडायची नाही." ती रडली, मीही रडले, पण हे रडणं वेगळं होतं. ऑगस्टमध्ये ती पोरांना घेऊन येते आहे. चाळिसावा तोवर होऊन गेलेला असेल, पण घंटी बांधायला तिने यायचं म्हणून मी थोडी वाट पाहणार आहे. पाद्रीबाबांना विचारलं, ते म्हणाले, उशिरा बांधली तर देव रागवत नाही.

हा जबाब हवालदार अनार्गिरोस यांनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाईंच्या वाक्याशी ते जरा अडखळले, बाकी नीट वाचलं. मी सांगितलं तसंच आणि तेवढंच त्यात आहे. एकच दुरुस्ती आहे. अगदी वर, राहणार या शब्दापुढे, कालच्या तक्रारीवरून 'सध्या' असं उतरवलं गेलं आहे. ते माझ्यासमोर खोडून तिथे 'कायम' असं लिहिलं. खाडाखोड माझ्या सांगण्यावरून झाली म्हणून तिच्याशेजारीही माझी सही आहे.

सही: कालिरोई कुंदूरिस
समक्ष: हवालदार अनार्गिरोस, पेत्रोनिसी बंदर